प्रोग्रामरसाठी आकृत्या काढता का? आणि काढल्या तर त्या खऱ्या कशा राहतात?

खराडी_फाटा

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या टीमच्या गळ्यात एक जुनी सिस्टीम आली. दुकानदारांचे दिवसभराचे ऑनलाइन पैसे रात्री त्यांच्या खात्यात पोचवायचे, एवढंच तिचं काम. लिहिणाऱ्यांपैकी आता कंपनीत कोणी नाही. ताबा घेताना रेपो, म्हणजे कोडचं भांडार, मिळाला आणि त्याबरोबर एक फोल्डर. त्यात ४१ आकृत्या! फोल्डर उघडल्यावर मला खरंच हायसं वाटलं होतं.

त्यातल्या ३३ क्लास डायग्राम, म्हणजे कोडमधले भाग आणि त्यांची नाती दाखवणाऱ्या आकृत्या, निघाल्या. एडिटरमधून एका बटणावर काढलेल्या. चौकटींना चौकटी जोडलेल्या आणि प्रत्येक चौकटीत गेटर-सेटर या किरकोळ फंक्शनांची जंत्री. ए-थ्री कागदावर छापूनही वाचता येईना. जे कोड उघडल्यावर दोन मिनिटांत दिसतं, तेच बारीक अक्षरात. उरलेल्या आठांपैकी तीन कामाच्या होत्या आणि त्यातली एक अर्धी चुकलेली.

मग आम्ही तिघांनी एक संध्याकाळ बोर्डापाशी घालवली. डेटाबेसमध्ये व्यवहाराच्या टेबलात 'स्टेटस' नावाचा एक रकाना आहे आणि त्याच्या अकरा किमती आहेत. प्रत्येक किमतीला एक गोल काढला. मग कोडमध्ये शोधत गेलो, की हा गोल बदलून तो गोल कोण करतं? जिथे सापडलं तिथे बाण काढला आणि बाणावर फाइलचं नाव लिहिलं. साडेसातच्या सुमारास लक्षात आलं की 'उत्तर नाही' या गोलात चार बाण येतात आणि बाहेर एकही जात नाही. बँकेला विनंती गेली, बँकेकडून उत्तर आलं नाही, व्यवहार तिथेच राहिला. मग ते पैसे दुकानदाराला मिळतात कसे?

दुसऱ्या दिवशी चौकशी केली. ऑपरेशन्समधल्या एक ताई रोज सकाळी नऊ वाजता एक क्वेरी चालवतात, बँकेच्या फाइलशी एक्सेलमध्ये ताळा करतात आणि हाताने स्टेटस बदलतात. सहा वर्षं! कोडमध्ये याचा मागमूस नाही, ४१ आकृत्यांत नाही आणि आमच्यापैकी कोणालाही पत्ता नव्हता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. प्रोग्रामरसाठी काढलेली आकृती म्हणजे कोडचा फोटो नव्हे. कोडमध्ये जे एका जागी कधीच दिसत नाही, तेवढंच आकृतीत यावं. तुमचा अनुभव काय? कुठल्या आकृत्या काढता, कुठे ठेवता आणि मुख्य म्हणजे दुरुस्त कोण करतं?

---

कोड_हेच_सत्य

प्रसंग चांगला लिहिलाय, पण निष्कर्ष पटला नाही.

जॅक रीव्हज यांनी १९९२ मध्येच मांडलं होतं की सॉफ्टवेअरमध्ये सोर्स कोड हेच डिझाइन असतं आणि बांधकाम कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) करतो. मला ते तंतोतंत पटतं. इमारतीचा नकाशा वेगळा लागतो, कारण विटा वाचता येत नाहीत. कोड वाचता येतो.

माझा अनुभव सांगतो. रात्री दोनला फोन आला, ऑर्डरी साठ्यातून वजा होत नाहीत. विकीवर आकृती होती, ऑर्डर आणि साठा या दोन सर्व्हिसांच्या मध्ये निरोपांची एक रांग दाखवलेली. मी दीड तास ती रांग शोधत होतो. कुठे तुंबलीय, कोण वाचत नाहीये. साडेतीनला एका सीनियरला उठवलं, तर तो म्हणाला, "ती रांग दोन वर्षांपूर्वीच काढली रे, आता थेट कॉल जातो." मी त्या आकृतीवर विश्वास ठेवला म्हणून दीड तास वाया गेला. आकृती नसती तर मी सरळ कोड उघडला असता.

चुकीचा नकाशा हातात असण्यापेक्षा नकाशा नसलेला परवडला. चांगली नावं, लहान फंक्शनं आणि चाचण्या. चाचणी खोटं बोलली तर निदान बिल्ड लाल होतो, म्हणजे कोडची बांधणी अडते. आकृती खोटी झाली तर काहीच लाल होत नाही.

---

अर्धविराम

वाचनखूण साठवली. जरा लांब लिहितो.

वरच्या दोघांचं भांडण वेगवेगळ्या आकृत्यांशी आहे असं मला वाटतं. मार्टिन फाउलर यांनी २००३ मध्ये यूएमएल या आकृत्यांच्या प्रमाण चिन्हभाषेच्या वापराचे तीन प्रकार सांगितले होते. एक कच्चं रेखाटन, बोलता बोलता काढायचं. दुसरा पक्का नकाशा, आधी पूर्ण डिझाइन आणि मग कोड. तिसरा म्हणजे आकृती हीच प्रोग्रामिंगची भाषा. खराडीकरांना मिळालेलं फोल्डर दुसऱ्या प्रकाराचा आव आणणारं होतं आणि त्यांच्या बोर्डावर जे झालं ते अस्सल पहिल्या प्रकारातलं.

मागचा इतिहास पाहिला की हे स्पष्ट होतं. ग्रेडी बूच, जेम्स रंबॉ आणि इव्हार जेकबसन या तिघांच्या तीन वेगळ्या पद्धती होत्या. रॅशनल कंपनीत ते एकत्र आले आणि १९९७ मध्ये ओएमजी या संस्थेने यूएमएल मान्य केलं. चिन्हांचा गोंधळ मिटला हा मोठाच फायदा. पण पुढे सगळ्यांना सगळं दाखवायचं होतं, आणि आजच्या २.५ आवृत्तीत आकृत्यांचे १४ प्रकार आहेत. मरियन पेत्रे यांनी ५० कंपन्यांतल्या ५० व्यावसायिकांच्या मुलाखती घेऊन २०१३ मध्ये एक अभ्यास मांडला. त्यातले ३५ जण यूएमएल अजिबात वापरत नव्हते. जे वापरत होते त्यातले बहुतेक निवडून वापरत, म्हणजे जेवढं उपयोगी वाटतं तेवढंच आणि तेवढा वेळच. मनापासून, सर्वत्र, नियमाप्रमाणे वापरणारा एकही नव्हता. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही व्हिज्युअल स्टुडिओ या कोड लिहिण्याच्या टूलच्या पुढच्या आवृत्तीतून यूएमएल काढून टाकत असल्याचं जाहीर केलं.

यावरून आकृत्या निरुपयोगी ठरत नाहीत. लोक निवड करतात, एवढंच यातून दिसतं, आणि ते शहाणपणाचं आहे.

---

सीप्झ_१९८८

मी मुंबईच्या सीप्झमध्ये १९८८ साली कोबोलवर सुरुवात केली. तेव्हा टेबलाच्या खणात हिरव्या प्लास्टिकची पट्टी असायची, त्यात चौकट, शंकरपाळं, तिरका चौकोन असे आकार कापलेले. पेन्सिल आत घालून फ्लोचार्ट काढायचा. ती पट्टी अजून माझ्याकडे आहे.

आता खरं सांगतो. आमच्याकडे नियम असा होता की आधी फ्लोचार्ट, मग प्रोग्राम. प्रत्यक्षात प्रोग्राम चालला की मग फ्लोचार्ट काढून फाइलला लावायचा. कोणी फसवणूक म्हणून करत नव्हतं. विचार प्रोग्राम लिहिताना व्हायचा आणि कागद नियमासाठी. पुढे फ्रेड ब्रूक्स यांचं वाचलं तेव्हा कळलं की त्यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं, की आधी सविस्तर फ्लोचार्ट काढून मग प्रोग्राम लिहिणारा अनुभवी प्रोग्रामर आपण पाहिलेलाच नाही. फॉन नॉयमन आणि गोल्डस्टाइन १९४७ मध्ये अशा आकृत्या काढत होते त्याला कारण होतं. तेव्हा मशीनच्या आकड्यांत लिहिलेला प्रोग्राम माणसाला वाचताच येत नव्हता. कोबोल-फोरट्रान आल्यावर ते कारणच उरलं नाही.

मात्र एक आकृती आम्ही जिवापाड जपली. पीटर चेन यांची १९७६ ची एंटिटी-रिलेशनशिप (ईआर) पद्धत, म्हणजे माहितीतल्या गोष्टी आणि त्यांची एकमेकांशी नाती. आमच्या विमा सिस्टीमची तशी एक आकृती होती. पॉलिसी, विमाधारक, वारस, हप्ता, दावा. दोन ड्रॉइंग शीट जोडून भिंतीवर लावलेली. प्रोग्राम शेकडो बदलले, माणसं बदलली, मशीन बदललं. मी बारा वर्षांनी सोडलं तेव्हा त्या शीटवर हाताने केलेल्या दुरुस्त्या मोजून नऊ होत्या. नव्या मुलाला मी पहिले दोन दिवस त्या भिंतीसमोर बसवायचो. कोड तिसऱ्या दिवशी.

जे हळू बदलतं त्याचं चित्र काढा. रोज बदलतं त्याचं काढलंत तर तुम्ही चित्रकारच होऊन बसाल.

---

मिरजेची_मैना

सीप्झकाका, ती पट्टी जपून ठेवा! आणि शेवटची दोन वाक्यं मी आमच्या टीमच्या ग्रुपवर टाकतेय, तुमच्या नावासकट.

---

वायपर_ऑन

मी पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. आमच्याकडे हा प्रश्न वेगळाच आहे, कारण आकृती हाच कोड आहे. सिम्युलिंक आणि स्टेटफ्लो या टूलमध्ये आम्ही मॉडेल काढतो, त्यातून सी भाषेतला कोड आपोआप तयार होतो आणि तोच गाडीत जातो. @कोड_हेच_सत्य, तुम्ही म्हणता तशी आकृती खोटी होण्याची सोयच नाही. ती चुकली तर गाडी चुकते.

यामागचं मूळ काम डेव्हिड हॅरेल यांचं. लढाऊ विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सवर (एव्हिऑनिक्स) काम करणाऱ्या इंजिनिअरांबरोबर असताना त्यांना स्टेटचार्ट, म्हणजे अवस्थांच्या आकृत्या, सुचले, १९८७ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. त्यातल्या दोन सुधारणा मी रोज वापरतो.

वायपरचं उदाहरण घ्या. थांबून-थांबून, हळू, जोरात अशा तीन अवस्था. इग्निशन बंद केलं की कुठल्याही अवस्थेतून काचेच्या तळाशी येऊन थांबायचं. साध्या आकृतीत त्यासाठी तीन बाण लागतात. हॅरेलच्या पद्धतीत तिन्ही गोलांभोवती एक मोठी चौकट, 'चालू', आणि त्या चौकटीतून एकच बाण. उद्या चौथा वेग आला तर तो चौकटीत टाकायचा, बाहेर पडायची वाट आपोआप मिळते. विसरायला जागाच नाही.

दुसरी सुधारणा समांतर अवस्थांची. काच वर जातेय, खाली येतेय किंवा थांबलीय, आणि लहान मुलांचं लॉक लागलंय किंवा नाही. सगळ्या जोड्या काढल्या तर सहा गोल. दोन कप्पे करून काढलं तर तीन आणि दोन. गाडीत अशा वीस गोष्टी एकदम चालू असतात, तिथे हा फरक जीव वाचवतो.

नियमांचाही रेटा आहे. गाड्यांच्या सुरक्षेचं आयएसओ २६२६२ हे मानक २०११ मध्ये आलं. त्यात धोक्याची पातळी वरची असेल तर सॉफ्टवेअरच्या रचनेसाठी नुसत्या मोकळ्या चित्रांवर भागवू नका, ठरलेल्या नियमांची चिन्हं वापरा, अशी जोरदार शिफारस आहे.

त्रास एकच आणि तो मोठा आहे. दोघांनी एकाच मॉडेलमध्ये बदल केले की ते जोडणं. मजकुराचा फरक ओळीओळीने दिसतो, मॉडेलचा बघायला वेगळं टूल उघडावं लागतं. आणि कोणी नुसती चौकट डावीकडे सरकवली तरी 'बदल' म्हणून दिसतो. त्यामुळे आमच्या टीममध्ये आकृती सुंदर करण्यासाठी म्हणून हात लावायला सक्त मनाई आहे.

---

तिमाही_सबमिशन

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, सांगली जिल्ह्यात. इथे वाचताना माझ्या वर्गातली मुलं डोळ्यांसमोर येत होती.

प्रोजेक्ट पूर्ण झाला की सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्या आकृत्या काढल्या जातात. यूज केसमध्ये, म्हणजे वापरणारा काय काय करू शकतो ते दाखवणाऱ्या आकृतीत, 'लॉगिन' असतंच, मग प्रोजेक्ट मातीचा ओलावा मोजण्याचा का असेना. मुलांचा दोष नाही. आकृती म्हणजे जर्नलमध्ये लावायचं पान, असंच त्यांना आजवर कळलंय.

दोन वर्षांपूर्वी मी पद्धत बदलली. पहिल्या तासाला एसटीच्या आरक्षणातल्या एका सीटचं आयुष्य काढायला सांगते. फक्त एक सीट. मोकळी, कोणीतरी धरून ठेवलेली, विकलेली, रद्द. कोडचं नाव काढायचं नाही. सगळ्यांना वाटतं पाच मिनिटांचं काम. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, धरून ठेवायची वेळ संपली, सीट दुसऱ्याने घेतली आणि मग पहिल्याचे पैसे आले तर?" वर्ग पाच सेकंद गप्प. पुढचा पाऊण तास फक्त त्या एका बाणावर चर्चा. ती मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नाही.

व्हायवालाही एकच प्रश्न विचारते. ही आकृती मी फाडून टाकली तर तुमच्या कोणत्या जोडीदाराचं काय अडेल? ज्यांना उत्तर येतं त्यांची आकृती खरी.

---

खराडी_फाटा

तिमाहीताई, सीटच्या उदाहरणातला तो बाण आणि आमचा 'उत्तर नाही' वाला गोल एकाच घरातले आहेत. आम्हालाही वेळ संपल्यावर आलेलं उत्तर हीच अडचण.

@कोड_हेच_सत्य, तुमच्या रात्रीबद्दल वाईट वाटलं. पण मला प्रामाणिकपणे सांगा, आमच्या सिस्टीममध्ये चाचण्या होत्या, ९०० च्या वर, सगळ्या हिरव्या. चाचणी असते ती लिहिलेल्या वाटेची. जी वाट कोणी लिहिलीच नाही, तिची चाचणी कुठून येणार? तो मोकळा गोल बोर्डावर दिसला, कारण तिथे न काढलेला बाणही दिसतो.

---

तळ्याकाठी

सिएटलहून. माझी तक्रार बाणांबद्दल आहे.

मागच्या वर्षी आमच्या दोन टीमनी मिळून एक आकृती मान्य केली. 'बिलिंग' मधून 'ग्राहक' कडे बाण. आमची समजूत अशी की बिलिंग ग्राहक-सर्व्हिसला विचारून माहिती घेणार. त्यांची समजूत अशी की बिलिंग माहिती ग्राहक-सर्व्हिसकडे पाठवणार. एकाच बाणावर दोन्ही टीम खूश होत्या. तीन आठवडे दोन्हीकडे काम चाललं आणि जोडायच्या दिवशी कळलं की आम्ही विचारणारी बाजू लिहिलीय आणि ते माहिती येण्याची वाट बघतायत, उत्तर देणारी बाजू कोणीच लिहिली नाही.

तेव्हापासून क्रियापदाशिवाय बाण मान्य करत नाही. 'पत्ता विचारते', 'बिल झाल्याची सूचना टाकते'. आणि टोक कोणत्या बाजूला याचा अर्थ आकृतीच्या कोपऱ्यात लिहायचा. सायमन ब्राउन यांच्या सी-फोर पद्धतीत हे आग्रहाने सांगितलंय. त्यातले चार टप्पे मला सोयीचे वाटतात. आधी सिस्टीम आणि तिच्या भोवतीची माणसं, मग आतले वेगवेगळे चालणारे भाग, मग त्या भागांचे घटक आणि शेवटी कोड. आम्ही पहिले दोनच ठेवतो. चौथा टप्पा हाताने काढण्याच्या भानगडीत पडू नका, असं त्या पद्धतीतही सुचवलेलं आहे. लागलाच तर एडिटरमधून काढून बघायचा आणि सोडून द्यायचा. खराडीकरांच्या ३३ आकृत्या म्हणजे हा चौथा टप्पाच.

---

कानाने_वाचतो

या चर्चेत एक बाजू अजून आली नाही म्हणून लिहितो.

मला दिसत नाही. अकरा वर्षं बॅकएंडवर काम करतो, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरून. कोड मला व्यवस्थित वाचता येतो. विकीवरची आकृती आली की स्क्रीन रीडर म्हणतो, "ग्राफिक, फायनल दोन." संपलं. बैठकीत "हे बघ, इथून हे इकडे जातं" सुरू झालं की मी त्या खोलीत नसल्यासारखाच असतो.

२०२२ मध्ये कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर मर्मेडच्या, म्हणजे मजकूर लिहून बनणाऱ्या, आकृत्या थेट दिसायला लागल्या आणि आमच्या टीमने त्या मजकुरात लिहायला सुरुवात केली. बाकीच्यांना चित्र दिसतं, मी त्याचा मजकूर वाचतो. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा एका आकृतीतली चूक दाखवून दिली. परतावा नाकारल्यावर ग्राहकाला निरोप जात नव्हता. सहा जणांनी चित्र पाहिलं होतं.

लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सिक्वेन्स डायग्रामचा (कोण कोणाला कधी काय सांगतं त्या आकृतीचा) मजकूर वरून खाली वेळेच्या क्रमाने जातो, त्यामुळे ऐकायला एखाद्या संवादासारखा लागतो, छान समजतो. फ्लोचार्टचं तसं नाही. तिथे लोक ए, बी, सी अशी नावं देतात, आणि "ए बाण बी, बी बाण एफ" असं ऐकून डोक्यात काहीच उभं राहत नाही. 'विनंती_आली बाण रक्कम_तपासली' असं लिहा. चार अक्षरं जास्त टंकावी लागतात, पण एक माणूस आत येतो. दुसरं, मर्मेडमध्ये आकृतीचं शीर्षक आणि वर्णन स्क्रीन रीडरसाठी देण्याची खास सोय आहे. वर्णनात आकार सांगू नका, ही आकृती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते ते सांगा.

---

मिरजेची_मैना

@कानाने_वाचतो, आत्ता आमच्या रेपोत जाऊन पाहिलं. सगळीकडे ए, बी, सी. उद्या सकाळी बदलते. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

---

अर्धविराम

अनुमोदन. मजकुरातून आकृती ही कल्पना तशी जुनी आहे. एटी अँड टीचं ग्राफव्हिझ नव्वदच्या दशकापासून आहे, प्लँटयूएमएल २००९ च्या सुमारास आलं, मर्मेड २०१४ मध्ये. पण मी आजवर फायदा मोजत होतो तो फक्त गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) फरक दिसण्याचा. वरचा प्रतिसाद वाचून मला नव्याने कळलं.

---

भुसावळ_जंक्शन

थोडं अवांतर, पण विषयाशी जोडलेलं आहे.

माझे वडील रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. लहानपणी एकदा त्यांनी मला कंट्रोलचा चार्ट दाखवला. आडवी वेळ, उभी स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभट तितकी गाडी वेगात. रेघ आडवी झाली म्हणजे गाडी उभी आहे. दोन रेघा छेदतात तिथे एक गाडी दुसरीला ओलांडते किंवा समोरून येते, आणि एकेरी मार्गावर तो छेद स्टेशनावरच पडला पाहिजे, मधे पडला तर अनर्थ. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये पॅरिस ते लिऑन मार्गाचा असा आलेख मारे यांनी छापला होता, तीच ही पद्धत. आता कंट्रोलमध्ये हे संगणकावर चालतं, वडील पेन्सिलीने करायचे.

मी विचारलं होतं, "बाबा, गाडी कुठे असते ते टाइमटेबलात असतं ना?" ते म्हणाले, "टाइमटेबलात असते ती ठरलेली गाडी. या कागदावर धावलेली गाडी असते." दोन्ही रेघा शेजारीशेजारी ठेवल्या की उशीर नेमका कुठे लागला ते कळतं.

आता मी मायक्रोसर्व्हिसवर (एकमेकींशी बोलणाऱ्या लहान सर्व्हिसांवर) काम करते आणि ट्रेसिंगचा, म्हणजे एका विनंतीच्या प्रवासाच्या नोंदीचा, पडदा उघडला की मला तोच चार्ट दिसतो. गूगलने २०१० मध्ये डॅपर या आपल्या ट्रेसिंग सिस्टीमवरचा निबंध प्रसिद्ध केला, २०१९ पासून ओपनटेलिमेट्री हा त्यासाठीचा खुला प्रकल्प आहे. एक विनंती कुठल्या सर्व्हिसमध्ये किती वेळ थांबली हे आडव्या पट्ट्यांत दिसतं. ही धावलेली गाडी. रेपोतली सिक्वेन्स डायग्राम ही ठरलेली गाडी.

@कोड_हेच_सत्य, तुमची ती रांग ट्रेसमध्ये दिसली नसती आणि दहा मिनिटांत संशय आला असता. आम्ही दर तिमाहीला मुख्य पाच वाटांच्या सिक्वेन्स डायग्राम घेतो आणि शेजारी ताजा ट्रेस उघडतो. जिथे जुळत नाही तिथे ठरवतो की आकृती चुकली की कोड. मागच्या खेपेला कोड चुकला होता. एकाच ग्राहकाची माहिती एका विनंतीत तीनदा मागवली जात होती.

---

देवनागरी_लेबल

भुसावळताई, सुंदर लिहिलंय.

एक विचारतो, आकृत्यांत लेबलं मराठीत कोणी लिहितं का? आम्ही एका सहकारी दूध संघासाठी काम करतो. संकलन केंद्रावरची माणसं आमच्या आकृत्या तपासतात, म्हणून 'संकलन', 'फॅट लावली', 'दर ठरला', 'दहा दिवसांचं बिल' असंच लिहितो. इंग्रजीत 'कलेक्शन' लिहिलं होतं तेव्हा एका सचिवांना वाटलं पैसे गोळा करण्याबद्दल आहे. सर्व्हरवर चित्र बनवताना अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येत असतील तर तिथे देवनागरी फॉन्ट नाही एवढंच कारण. नोटो सान्स देवनागरी टाका, सुटतं.

---

वायपर_ऑन

दर ठरल्यावर फॅट पुन्हा लावायला सांगितली तर बाण मागे जातो का? सहज विचारतोय.

---

देवनागरी_लेबल

जातो, पण पुढच्या पाळीचं संकलन सुरू होईपर्यंतच. हाच नियम आम्हाला आकृती दाखवल्यावर सचिवांनी सांगितला. लेखी कुठेच नव्हता.

---

नवी_ब्रांच

एवढी मेहनत आता कशाला? एआयला रेपो द्या आणि मर्मेड मागा. मी मागच्या महिन्यात केलं, तीस सेकंदांत आकृती तयार.

---

सीप्झ_१९८८

वापरून पाहिलं, मुलाने दाखवलं. चांगलं काढतं, पहिल्या खर्ड्याला मीही वापरेन. पण ते कोडमध्ये असलेलं काढतं. खराडीच्या त्या ताई सकाळी नऊ वाजता एक्सेल उघडतात हे त्याला कुठल्या फाइलीत सापडणार? आणि दूध संघाच्या सचिवांच्या डोक्यातलं? ते माणसांसमोर बोर्डावर काढल्यावरच बाहेर येतं.

---

कोड_हेच_सत्य

दोन दिवस सगळे प्रतिसाद वाचत होतो.

क्लास डायग्रामबद्दल माझं मत तेच आहे. पण न काढलेला बाण दिसतो, या मुद्द्यावर मला उत्तर सुचलं नाही. काल आमच्या परताव्याच्या भागातल्या अवस्था कागदावर काढून पाहिल्या. सात गोल. एकातून बाहेर पडायचा बाण आहे, पण तो ज्या रात्रीच्या जॉबवर अवलंबून आहे तो जॉब मार्चपासून बंद आहे. आज सकाळी तिकीट टाकलं.

एक अट मात्र राहील. आकृती कोडच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये, आणि अवस्था बदलणारी पुल रिक्वेस्ट (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) आकृतीला हात न लावता आली तर बिल्ड लाल झाला पाहिजे. आमच्याकडे अवस्थांची यादी कोडमध्ये एका एनममध्ये, म्हणजे ठरीव नावांच्या यादीत, आहे. मर्मेडच्या फाइलमधली नावं आणि त्या एनममधली नावं जुळतात का हे पाहणारी चाचणी वीस ओळींत झाली. बाण तपासता येत नाहीत, पण नवा गोल आला तर गप्प बसत नाही.

---

खराडी_फाटा

ही चाचणी आम्ही आजच घेतली, आभार.

आमच्याकडे आता काय आहे ते सांगतो, कारण मूळ प्रश्न माझाच होता. ४१ पैकी ३८ आकृत्या काढून टाकल्या. एक ईआर राहिली, सीप्झकाकांच्या भिंतीसारखी. एक सिस्टीम आणि भोवतीची माणसं दाखवणारी, त्यात ऑपरेशन्सच्या ताईंची चौकट आहे आणि बाणावर लिहिलंय, 'रोज सकाळी ९ वाजता बँकेच्या फाइलशी ताळा करते'. एक सिक्वेन्स, रात्रीच्या मुख्य वाटेची, ट्रेसशी ताडून दुरुस्त केलेली. आणि चौथी नवीन, व्यवहाराच्या अवस्थांची. नावं सगळी वाचता येतील अशी, कानाने वाचणाऱ्यालाही.

'उत्तर नाही' मधून आता दोन बाण बाहेर जातात. बँकेकडे दर अर्ध्या तासाने पुन्हा विचारणा होते, आणि चोवीस तासांनंतरही काही कळलं नाही तर व्यवहार ताईंच्या पडद्यावर जातो. त्यांनाच बसवून ती आकृती दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली आणि एका बाणावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी मला बँकेची फाइल येत नाही. मग हे चोवीस तास कुठून मोजायचे?"

सोमवारी परत बोर्डापाशी बसतोय. या वेळी त्याही आहेत.